नागपूरचा उन्हाळा, गाडीतला तंबू आणि पाण्याकाठचे मुक्काम : लहानपणीच्या कौटुंबिक प्रवासांविषयी

मोहफूल

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे नागपूरच्या मुलांच्या वाट्याला येणारी उन्हाळ्याची सुटी लांबलचक असते, आणि ती सगळी वाळ्याच्या ताट्यांमागे, कूलरसमोर बसून काढणे कोणत्याही मुलाला जमत नाही. मामाच्या गावाच्या आठवणी मराठीत भरपूर लिहिल्या गेल्या आहेत. मात्र १९७० आणि १९८० च्या दशकांत आपल्याकडची काही कुटुंबे मे महिन्यात गाडीत तंबू, स्टोव्ह, अंथरुणे आणि पाण्याची भांडी भरून सातपुड्याकडे निघत, वाटेत नदीकाठी, आमराईत किंवा तलावाच्या पाळीवर मुक्काम करत आणि आठवड्याभराने परतत, याविषयी फारसे लेखन माझ्या पाहण्यात नाही. ज्यांनी ते प्रवास आखले ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. त्यांच्याकडून जे ऐकता येईल ते आताच लिहून ठेवावे, या तळमळीने हा धागा काढत आहे.

या प्रवासांची आखणी प्रेक्षणीय स्थळांवरून होत नसे, ती पाण्यावरून होत असे, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या नदीला मे महिन्यात डोह उरतो, कोणत्या गावच्या विहिरीला बारमाही पाणी असते, कोणत्या देवळाजवळ दाट सावली आणि भरलेले रांजण मिळतात, हे ज्याला ठाऊक असेल तो प्रवासाचा पुढारी. आमच्याकडे हे ज्ञान मोठ्या काकांजवळ होते. त्यांची नोकरी फिरतीची होती आणि छिंदवाडा जिल्ह्यातला पुष्कळसा भाग त्यांनी पायी पाहिलेला होता. नकाशा त्यांनी क्वचितच उघडला असेल. पण कोणते पाणी पिण्याजोगे, कोणते केवळ आंघोळीचे आणि कोणत्या पाण्याच्या जवळपासही थांबू नये, हे ते मुलांना सुद्धा समजावून सांगत.

आमची निघण्याची वेळ पहाटे तीनची असे. टपावर कॅरियर बसवलेल्या अँबॅसडरमध्ये दोन कुटुंबे कशी मावत, हे आज सांगूनही मुलांना खरे वाटत नाही. टपावर तंबूचे काठ्या-खुंट्यांसह गाठोडे आणि दोन होल्डॉल, मागच्या डिकीत पितळी स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पेट्रोमॅक्स, गंज, तवा, आणि पायाशी शिदोरीचे डबे. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भरपूर कांदे आणि पन्ह्यासाठी उकडून घेतलेल्या कैऱ्या. पुढच्या बाजूला बाहेरून छागल टांगलेली असे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : ती जाड कॅनव्हासची पिशवी असते, आतले पाणी किंचित झिरपून कापड सतत ओले राहते, आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने ते ओले कापड सुकत असताना आतले पाणी गार होत जाते. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. विदर्भातली मे महिन्यातली हवा कोरडी असते, म्हणून ते येथे इतके उत्तम साधते.

सावनेर ओलांडेपर्यंत अंधार असे आणि सौंसरच्या संत्रा-बागांपाशी उजाडत असे. राज्य बदललेले असले तरी त्या मुलखात मराठीच कानावर पडते, त्यामुळे आपण परक्या ठिकाणी आलो असे कधी वाटले नाही. जामसावळीच्या हनुमानाचे दर्शन घेऊन रामाकोन्याजवळ कन्हान नदीच्या पात्राकडे गाडी वळवली जाई, आणि ऊन डोक्यावर येण्यापूर्वीच त्या दिवसाचा पहिला, सर्वांत मोठा थांबा सुरू होई. तो संध्याकाळी पाचपर्यंत चाले. भर दुपारी गाडी हाकायची नाही, हा नियम काकांनी कोणासाठीही मोडला नाही.

त्या पात्रात मोठ्या माणसांनी आम्हाला दिलेले पहिले काम म्हणजे झिरा खणणे. वाहते पाणी एका काठाला सरकलेले असे आणि उरलेले पात्र वाळूचे. पाण्यापासून काही पावले दूर, जनावरांच्या वाटेपासून बाजूला, स्वच्छ वाळू पाहून हातांनी खड्डा करायचा. वरची वाळू चटके देणारी असे. कोपराएवढे खाली गेले की ती ओलसर लागे, आणि आणखी वीतभर खणल्यावर तळाशी पाणी जमू लागे. पहिले गढूळ पाणी वाटीने काढून टाकायचे, दुसरेही टाकायचे, मग थोडा वेळ कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर वर येणारे पाणी इतके नितळ असे की तळातले वाळूचे कण मोजता यावेत. आई ते मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून घेई आणि उकळूनच माठात भरत असे. वाळूमधून गाळले जात असल्याने ते नदीच्या वाहत्या पाण्यापेक्षा स्वच्छ असते, हे काकांनी तेथेच, खड्ड्याशेजारी बसून शिकवले. शाळेत गाळण्याची क्रिया नंतर आली.

संध्याकाळी सिल्लेवानीचा घाट चढला की हवेतला फरक अंगाला कळत असे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, छिंदवाडा त्याच्या दुपटीहून उंचावर, आणि पुढे परासियामार्गे तामियाला पोहोचेपर्यंत आपण हजार मीटरच्या वर गेलेलो असतो. तामियाचे कड्याच्या टोकावरचे विश्रामगृह बहुतेकांना ठाऊक असेल. आमचा तंबू गावाबाहेर, विहिरीच्या जवळ, जमीनमालकाला विचारून लागत असे. खरे म्हणजे तंबूत सामानच राही. माणसे बाहेर सतरंज्यांवर झोपत. मेच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात, दक्षिणेकडे चित्रा, पूर्वेच्या अंगाला स्वाती, आणि आग्नेयेकडून वृश्चिक वर येत असतो. वसिष्ठाशेजारची अरुंधती दिसते की नाही यावर भावंडांची परीक्षा होई.

आपण कोणत्या रस्त्याने जात होता, मुक्कामाला कोठे थांबत होता, पाणी कोठून घेत होता, काय शिजत होते, हे कृपया सविस्तर लिहावे. जागांची नावे आवर्जून द्यावीत.

सातपुडा_वाटसरू

ताई, धागा वाचून मन भरून आले. मी आपल्या काकांच्या पिढीच्या जवळचा आहे, आणि आमच्या घरी गाडी चालवण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून गाडीविषयी लिहितो.

उन्हाळ्यात पाणी माणसांइतकेच गाडीलाही लागत असे. रेडिएटरसाठी वेगळा डबा भरलेला असे आणि तो पिण्यासाठी कोणी उघडायचा नाही, अशी घरच्यांना सक्त ताकीद होती. घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला की थांबायचे, बॉनेट उघडायचे, पण तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच फिरवायचे नाही. उसळणाऱ्या वाफेने हात भाजलेले चालक मी पाहिले आहेत. दुसरी अडचण इंधनाची. कार्बोरेटरच्या गाड्यांत इंधनपंप इंजिनाला लागूनच असे. कडक उन्हात पंपातल्या किंवा नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, पंप वाफ ओढत राही, आणि चांगली चालणारी गाडी चढावर अचानक बंद पडे. त्यावर उपाय एकच : पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि सावलीत धीर धरून बसायचे. फियाटवाले, अँबॅसडरवाले, सगळेच एक फडके त्यासाठी जवळ बाळगत. टायरची हवा पहाटे, टायर थंड असतानाच पाहायची, आणि दुपारच्या थांब्यावर चाके शक्यतो सावलीत राहतील अशी गाडी लावायची. हे सगळे लक्षात घेतले म्हणजे दुपारी न चालण्याचा नियम किती विचारपूर्वक केलेला होता, हे समजते. तो माणसांच्या सोयीपुरता नव्हता.

आम्ही बहुधा जबलपूरच्या रस्त्याने जात असू. तेव्हा त्याला राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणत; वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता आणि हजिरा ते कोलकाता जाणारा ६ क्रमांकाचा रस्ता नागपुरातच एकमेकांना छेदत. आताचे क्रमांक ४४ आणि ५३. कामठी, कन्हान, मनसर, देवलापार, खवासा, मग कुरईचा घाट आणि सिवनी. मनसरहून रामटेककडे वळले की खिंडसीचा तलाव आहे, आणि सकाळचा चहा-फराळ त्याच्या काठी होई. देवलापारच्या पुढे दोन्ही बाजूंना जंगल रस्त्याला भिडलेले होते. पहाटेच्या अंधारात गाडीच्या दिव्यांसमोर चितळे उभी राहत, आणि वडील मला दिवे मंद करून थांबायला सांगत. कळप ओलांडून गेल्याशिवाय गाडी हलायची नाही. आज तोच रस्ता चौपदरी झाला आहे, आणि पेंचच्या भागात प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून त्यावर नऊ ठिकाणी मार्ग ठेवले आहेत, त्यांतला सर्वांत मोठा ७५० मीटरचा आहे. वाघांसह अनेक प्राणी ते वापरत असल्याचे कॅमेऱ्यांत टिपले गेले आहे. हे पाहून मला मनापासून समाधान वाटते.

तंबू लावणे मी पचमढीला शिकलो. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तेथे आहे, आणि नागपूरच्या पुष्कळ शाळांमधली मुले त्या काळात तेथे जाऊन आली आहेत. दोर ताणण्याची गाठ, तंबूभोवतीची चर, खुंटी जमिनीत कोणत्या कोनात ठोकायची, हे शाळकरी मुलगा शिकून येई आणि घरच्या वडीलधाऱ्यांना दाखवत असे.

कन्हान

आपल्या दोघांच्या आठवणी वाचनीय आहेत, परंतु एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. स्वतःचा तंबू आणि स्वतःची चारचाकी असलेली घरे त्या काळच्या नागपुरात फार थोडी होती. आमच्या वाडीतले लोक मालवाहू मेटाडोर ठरवून, त्यावर ताडपत्री टाकून जात. रात्री तीच ताडपत्री गाडीच्या एका अंगाला बांधून, दुसरे टोक दोन बांबूंवर ताणले की मुक्काम तयार होई. आमच्या बहुतेक फेऱ्या पचमढीच्या महादेवाला होत. विदर्भातली माणसे महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यातली आमची सहलही त्याच वाटेने, त्याच ओळखीच्या धर्मशाळांच्या आणि विहिरींच्या आधाराने होत असे. पाण्याच्या जागांचे जे ज्ञान आपण म्हणता, ते आमच्याकडे यात्रेकरूंनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेले होते.

वैनगंगा

कन्हान यांचे म्हणणे मला पटते. आमच्या घरीही तंबू नव्हता. आम्ही साकोलीच्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात जात होतो. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. या भागात पाण्याचा प्रश्न सातपुड्यासारखा नव्हता, कारण गावोगावी तलाव आहेत. कोहळी समाजाने ते बांधले, मालगुजारांनी सांभाळले, आणि आजही लोक त्यांना मालगुजारी तलावच म्हणतात. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि तो इतका विस्तीर्ण आहे की लहानपणी पलीकडचा काठ पाहून आम्ही त्याला समुद्र म्हणत असू.

मे महिन्यात तलावाचे पाणी आत सरकलेले असते, त्यामुळे मुक्काम पाण्यालगत होत नाही, पाळीखालच्या आमराईत होतो. तेथे जमीन सपाट, सावली दाट, आणि जवळच्या विहिरीला तलावाच्या पाझराने पाणी टिकलेले. आंब्याखाली अंथरुणे पसरून दुपार काढायची आणि संध्याकाळी गोवऱ्या रचायच्या, कारण आमच्या मुक्कामात एक जेवण रोडग्यांचे ठरलेलेच असे.

रोडग्यांविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गहू मुद्दाम जाडसर दळून आणलेला असे. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून पीठ घट्ट भिजवायचे, पोळी लाटून तिला तेल लावायचे, तीवर दुसरी, तिसरी, आणि मग सगळे मिळून गोळा वळायचा. गोवऱ्या पेटवून त्यांच्या ज्वाला पूर्ण विझू द्यायच्या. आर लाल झाला की गोळे त्यात ठेवून वरून गरम राख ओढायची. उतावीळपणा केला तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. भाजलेला रोडगा झटकून, हाताने फोडून, त्यावर तुपाची धार आणि तुरीचे वरण. शेजारी वांग्याची रस्सेदार भाजी, सांबार म्हणजे कोथिंबीर भरपूर घातलेली. पळसाच्या पानांच्या पत्रावळी मुलांनी चोयांनी टाचायच्या. ओळखीचे आणि अनोळखी, जो तलावावर येई त्याला जेवायला बसवले जाई, आणि गावातला कोणी ना कोणी ताकाची कासंडी घेऊन येई.

नागझिऱ्याला एकदा वडिलांसोबत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला मिळाले. वैशाखी पौर्णिमेला चांदणे पुरेसे असते आणि जंगलातले बाकीचे पाणी आटलेले असते, म्हणून प्राण्यांची मोजणी त्या रात्री करण्याची पद्धत होती. आम्हाला गवे आले, सांबरे आली, आणि अस्वल आले. नागझिऱ्याच्या निवासांत वीज नाही, ही गोष्ट मला आजही त्या जागेचे भूषण वाटते.

बहावा

मी या धाग्यावरचे सर्व प्रतिसाद आदराने वाचले, आणि त्यांत एक मोठी उणीव दिसली म्हणून लिहीत आहे. या प्रवासांत घरातल्या बायकांच्या वाट्याला काय येत होते, याविषयी आपण स्पष्ट लिहिले पाहिजे. निघण्याच्या आधी दोन दिवस पुऱ्या-दशम्या करणाऱ्या त्याच, वाळूत तीन गोट्यांची चूल मांडून धुरात डोळे चोळणाऱ्या त्याच, पाणी गाळून उकळणाऱ्या त्याच, आणि परतल्यावर आठवड्याभराचे कपडे धुणाऱ्याही त्याच. ज्या सहलीची आठवण आपण इतक्या प्रेमाने काढतो, तिच्यात माझी आई रोजच्यापेक्षा अधिक काम करत होती. उघड्यावर मुक्काम असल्याने आंघोळ आणि शौचाची सोय करताना बायकांना पहाटेचा अंधार साधावा लागे. सर्वांच्या आधी उठून त्या नदीच्या वळणापलीकडे जात आणि एकमेकींसाठी पहारा देत. मुक्कामाची जागा निवडताना पुरुष पाणी आणि सावली पाहत, आई आणि काकू आडोसा पाहत, आणि आडोसा नसेल तर त्या पुढच्या जागेचा आग्रह धरत. जागा निवडण्याच्या ज्ञानात हा त्यांचा वाटा होता, तो कोणी नोंदवलेला नाही.

तरीही आईला हा प्रवास हवा असे, हेही तितकेच खरे आहे. मी तिला अलीकडे कारण विचारले. ती म्हणाली की घरी दुपारी वाळवणे असत, पापड-कुरडया असत, येणारे-जाणारे असत. नदीवर मात्र अकरा ते चार करण्याजोगे काही उरतच नसे, आणि सासूबाईंसकट सर्व बायका पाय पाण्यात सोडून बसत. सासू आणि सून यांनी शेजारी बसून गप्पा मारल्याच्या तिला फक्त त्याच दुपारी आठवतात.

मोहफूल

बहावाताई, आपल्या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. आपण लिहिलेले वाचून मी आज सकाळी आईला दूरध्वनी केला आणि आडोशाविषयी विचारले. तिने ताबडतोब रामाकोन्याच्या पात्रातली करंजांची रांग आणि तामियाच्या विहिरीमागचे घाणेरीचे दाट झुडूप अशी दोन ठिकाणे सांगितली. मला त्यांतले एकही आठवत नव्हते, आणि वडिलांना तर ती कधी ठाऊकच नव्हती. आपल्या सर्वांना विनंती आहे की घरातल्या बायकांना हाच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा.

कन्हान यांनी मांडलेला यात्रेकरूंचा मुद्दाही मोलाचा आहे. आमच्या काकांनी ज्या विहिरी दाखवल्या, त्यांतल्या पुष्कळशा पचमढीच्या जुन्या पायवाटांवरच्याच असाव्यात, असे आता वाटते.

गाविलगड

मेळघाटाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. आमचा रस्ता कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा असा होता, आणि परतवाड्यानंतर घाट. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे नागपूरपेक्षा साधारण ८०० मीटर उंच. उंचीमुळे तापमानात पडणारा फरक पाच अंशांच्या आसपास भरतो, पण रात्री तो त्याहून कितीतरी अधिक वाटे, कारण नागपूरच्या गच्चीसारखी दिवसभर तापलेली फरशी तेथे पाठीखाली नसे. भीमाने कीचकाला मारून ज्यात हात धुतले असे सांगतात ते भीमकुंड, कॉफीची झाडे, आणि १८०३ च्या डिसेंबरमध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतलेला गाविलगड, हे सर्व वडील दाखवत. मात्र आम्हा मुलांचे मन गुंतले होते ते खाली, सेमाडोह-कोलकासच्या बाजूला, सिपना नदीच्या डोहांत.

मेळघाटातल्या नद्या उन्हाळ्यात सलग वाहत नाहीत. त्यांचे डोह मागे राहतात, आणि त्या डोहांवर कोरकू गावांची, गुरांची आणि जंगलातल्या सर्व जनावरांची भिस्त असते. वडिलांनी घालून दिलेले दोन नियम मला पाठ आहेत. डोहात साबण लावायचा नाही, पाणी बादलीने काढून दूर नेऊन वापरायचे. आणि अंधार पडल्यावर पाण्यावर कोणी जायचे नाही, कारण रात्री ते पाणी जनावरांचे असते. आम्ही मुक्काम डोहापासून बराच दूर, गावाच्या जवळ, गावच्या पाटलाला विचारून करत होतो.

मेच्या उत्तरार्धातली एक रात्र मी विसरू शकत नाही. दिवसभर वारा पूर्ण पडलेला होता. दुसरे एक कुटुंब वाळूत, पात्राच्या मधोमध, तंबू लावत होते, कारण वाळू मऊ आणि सपाट असते. वडिलांनी जाऊन त्यांना अतिशय नम्रपणे वर येण्याची विनंती केली आणि त्यांचे सामान उचलायला आम्हा सर्वांना लावले. रात्री वादळ आले, गारा पडल्या, झाडांच्या फांद्या मोडल्या, आमच्या तंबूचे दोन दोर तुटले आणि आम्ही सर्व जण गाडीत दाटीवाटीने बसून राहिलो. वरच्या डोंगरांत पाऊस अधिक झाला असावा. पहाटे पात्रातून गढूळ पाण्याचा लोंढा गेला आणि ज्या ठिकाणी तो तंबू उभा राहणार होता ती वाळू पाण्याखाली होती. कोरड्या पात्रात मुक्काम करायचा नाही, हे मी माझ्या मुलांना याच प्रसंगावरून शिकवले. दिवसा थांबायला वाळूसारखी जागा नाही, रात्री तिच्यासारखी धोक्याची नाही.

नवी_वाट

आपणा सर्वांचे अनुभव वाचून मला माझ्या मुलांसह असा प्रवास करावासा वाटतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी सहा. आम्ही समृद्धी महामार्गाने शिर्डीपर्यंत जाऊन आलो, परंतु त्या प्रवासात रस्त्याशिवाय मुलांनी काहीच पाहिले नाही. आज असे मुक्काम करता येतात का? कोणती काळजी घ्यावी? आणि झिऱ्याचे पाणी लहान मुलांना देणे सुरक्षित आहे का?

सातपुडा_वाटसरू

करता येतात, पण आम्ही जेथे करत होतो तेथे सर्वत्र नाही. मेळघाट १९७३-७४ मध्येच व्याघ्र प्रकल्प झाला. महाराष्ट्रातला पेंच १९९९ मध्ये आणि नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये. अशा संरक्षित क्षेत्रांत परवानगीशिवाय शिरणे, तंबू लावणे किंवा चूल पेटवणे हा गुन्हा आहे, आणि तसा तो असलाच पाहिजे, असे माझे मत आहे. वन विभागाची निवासस्थाने आहेत, पेंचमधल्या सिल्लारीसारख्या ठिकाणी आधी नोंदणी करून राहता येते. स्वतःचाच तंबू लावायचा असेल तर जंगलाबाहेर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात, त्याच्या विहिरीजवळ लावावा. सौंसर, वरूड, काटोल या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत आणि मालक अगत्यशील आहेत. विचारल्याशिवाय मात्र काही करू नये.

आगीविषयी विशेष सांगतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनवणव्याचा हंगाम मानला जातो, आणि त्यासाठी वन विभाग आधीच जाळरेषा काढतो. साग-पळसाचा पाचोळा मे महिन्यात एका ठिणगीने पेटतो. शेतातही चूल करायची असेल तर चारही बाजूंनी जमीन खरवडून पाचोळा दूर करावा, शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवावी, आणि निजण्यापूर्वी राखेत हात घालता येईल इतके पाणी ओतावे.

मोहाच्या झाडाखाली मुक्काम करू नये. मोहफुले एप्रिलमध्ये गळतात आणि पहाटे अस्वले ती खायला येतात. फुले वेचायला गेलेल्या माणसांवर अस्वलांचे हल्ले होतात, ते याच वेळी. दगड हातांनी उचलू नयेत, कारण त्यांच्याखाली विंचू असतात. सकाळी जोडे झटकूनच घालावेत. लहान मुलांसह नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, निघूच नये. एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा बरा. मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी पाजावे, पन्हे करताना मीठ आणि गूळ दोन्ही घालावे, आणि डोक्याला-कानांना ओला दुपट्टा बांधावा.

वैनगंगा

पाण्याविषयी मी उत्तर देते. त्या काळीही आमच्याकडे झिऱ्याचे पाणी मुलांना तसेच देत नसत. पाणी गढूळ असेल तर निवळीचे बी वापरत. ओल्या माठाच्या आतल्या बाजूने ते बी थोडा वेळ घासायचे, मग त्यात पाणी भरायचे आणि हलवायचे नाही. तास-दोन तासांत गाळ तळाशी बसतो. निवळी मिळाली नाही तर तुरटी फिरवत. पण या दोन्हींनी केवळ गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत, म्हणून वरचे पाणी फडक्यातून गाळून, चांगली उकळी फुटू देऊन, निवल्यावरच प्यायला द्यावे. आता नद्यांमध्ये गावांचे आणि शेतांचे पाणी उतरते, फवारणीची औषधेही त्यात येतात, आणि ती उकळून जात नाहीत. त्यामुळे पिण्याचे पाणी घरूनच न्यावे आणि झिरा मुलांना खणायला मात्र जरूर लावावा. खड्डा खणून झाल्यावर निघण्यापूर्वी तो त्यांच्याकडूनच बुजवून घ्यावा, नाहीतर अंधारात गुराचा पाय त्यात अडकतो.

नवी_वाट

आपले सर्वांचे मनापासून आभार. काटोलजवळ माझ्या मावसभावाची संत्र्याची बाग आहे आणि बागेत विहीर आहे. मेच्या पहिल्या शनिवारी तेथे मुक्काम करण्याचे ठरवले आहे. जाम नदीचे पात्र बागेपासून दूर नाही, तेथे वाळू आणि पाणी कितपत आहे ते भावाला पाहायला सांगितले आहे. रोडग्यांसाठी गहू जाडसर दळून घ्यायचा, तो नेमका किती जाड, हे वैनगंगाताईंनी कृपया सांगावे.

वैनगंगा

रव्यापेक्षा थोडा बारीक. गिरणीवाल्याला 'रोडग्याचे पीठ' असे सांगितले की नागपुरातल्या कोणत्याही जुन्या गिरणीत तो विचारल्याशिवाय बरोबर दळून देईल. पाच माणसांना दीड किलो घ्यावे, आणि गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या आहेत ना, ते आधी पाहावे.